बेटावरचं विरजण

“करंगळी बुडवून बघायचं. चटका बसला नाही पाहिजे आणि गारही लागलं नाही पाहिजे. लेकराला आंघोळ घालताना पाणी बघतेस ना, तस्सं. मग विरजण लावायचं, वर झाकण ठेवायचं आणि तिथून निघून जायचं. पाहत बसायचं नाही हं. त्याला लाज वाटते.”

हे मला बेटावरच्या आत्यांनी सांगितलं होतं. त्यांचं खरं नाव मला तेव्हाही कळलं नाही. सगळं बेट त्यांना आत्या म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणालो. आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. एका दिवसाची सहल होती. बोटीने जायचं, बेटावरची गावं पाहायची आणि जो जे पिकवतो, बनवतो, ते त्याच्याच दारात बसून चाखायचं. मध, मीठ, भट्टीतला पाव. आणि सगळ्यांत शेवटी, दुपार कलल्यावर, आत्यांचं शेळीच्या दुधाचं दही.

ते दही मी दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली, तर ह्यांनी स्वतःची वाटी माझ्याकडे सरकवली. आत्यांनी ते पाहिलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. तिथे दोरीवर पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या वाळत होत्या. दह्यात भिजवायच्या, सावलीत वाळवायच्या. अशी पट्टी कुठेही नेता येते. घरी जाऊन कोमट दुधात सोडली की दही लागतं. आत्यांनी एक पट्टी कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवली, पण कागद सोडला नाही.

“आधी कबूल कर. घेणारा प्रत्येक जण कबूल करतो. माझ्याकडचं कधी गेलं, तर तुझ्याकडचं आणून द्यायचं. पाठवायचं नाही, आणून द्यायचं.”

माझ्या आधी हेच म्हणाले, “कबूल!” आणि मग मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर पट्टी ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. बोट जरा हलली की हे छातीवर हात ठेवून नावाड्याला ओरडायचे, “हळू रे बाबा, माझ्या छातीत विरजण आहे!”

तेव्हापासून आमच्या घरात रोज दही लागत आलं. मुलगी त्याच दह्यावर वाढली. कधी गावाला गेलो तर समोरच्या दारी वाटी ठेवून जायचो आणि आल्यावर आधी ती आणायचो, मग बॅगा उघडायचो. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. कोण चहा करत होतं, कोण गाद्या घालत होतं, मला काही कळत नव्हतं. पण संध्याकाळ झाली की मी उठून दूध कोमट करायची. मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, “अगं, आज तरी राहू दे.” मी म्हटलं, “राहू दिलं तर मरेल ते.”

मग माणसं आपापल्या घरी गेली. मुलगी परदेशी गेली. मी सगळ्यांत लहान वाटी काढली आणि त्यात एकटीपुरतं दही लावू लागले.

सकाळचं मौनही तेव्हापासूनचं. उठल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. दिवा लावायचा, माळ घ्यायची, घर आवरायचं, सगळं गप्प राहून. लिहून सांगणं हेही बोलणंच, म्हणून तेही नाही. मान हलवायची, हात जोडायचे, एवढंच. लोकांना वाटतं, केवढी साधना! खरं सांगायचं तर सकाळी बोलायला घरात कुणी उरलंच नव्हतं. चहा झाला, हे म्हणायला नाही. पेपर आला, हे म्हणायला नाही. बाहेर पडताना “येते हं” म्हणायलाही नाही. ती शांतता मला खायला उठायची. म्हणून एके दिवशी मी तीच देवासमोर ठेवली आणि म्हटलं, ही तुझी. त्यानंतर ती जरा सोसू लागली.

मुलगी सकाळी फोन करते. तिच्याकडे तेव्हा दिवस संपत आलेला असतो. मी फोन कानाला लावते आणि ती एकटीच बोलत राहते. ऑफिसचं, जावयाचं, मांजरीचं. शेवटी म्हणते, “आई, तू आहेस ना? जोरात श्वास घे.” मी जोरात श्वास घेते. “बरं, ठेवते,” ती म्हणते.

ही सहल तिनेच काढून दिली. परस्पर पैसे भरले आणि संध्याकाळी मला फोनवर सांगितलं. “घरात बसून बसून तुला बुरशी येईल आई. एक दिवस जा. बोट आहे, गावं आहेत, खायला आहे.”

“कुठलं बेट?” मी विचारलं.

तिने सांगितलं आणि मी गप्प झाले. तिला वाटलं, मी रागावले.

मी रागावले नव्हते. मी मनात हिशेब मांडत होते. आत्या असतील का? असल्या तर म्हाताऱ्या झाल्या असतील. त्यांचं घर सगळ्यांत शेवटी येतं, दुपार कलल्यावर. तोवर माझं मौन संपलेलं असेल. मी जाईन, त्यांच्या समोर बसेन आणि म्हणेन, तुमचं विरजण अजून माझ्याकडे जिवंत आहे. आणि म्हणेन, “कबूल” म्हणणारे ते आता नाहीत. ही बातमी मी पुष्कळांना सांगितली होती. पण ज्याला त्या पट्टीचं माहीत आहे असं माणूस जगात एकच उरलं होतं.

सहलीच्या सकाळी दिवा लावला, माळ पर्समध्ये ठेवली, दाराला कुलूप घातलं. जिन्याखाली आमचा वॉचमन खुर्चीत बसलेला असतो. त्याने मान हलवली, मी हात जोडले. आमचं रोजचं बोलणं एवढंच.

धक्क्यावर गाइड माणसं गोळा करत होता. उन्हाने रापलेला, हसरा, आवाज मोठा. “काकू, तुम्ही एकट्याच?” मी मान हलवली. “नाव?” मी हात जोडले. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग माझ्या कानाजवळ येऊन ओरडला, “काही हरकत नाही काकू! मी आहे ना! सांभाळून बसा!” आजूबाजूचे सगळे वळून पाहू लागले. मला हसू आलं, ते पदरात दाबलं.

बोटीत माझ्या शेजारी एक मोठ्या टोपीच्या बाई बसल्या. नवरा पलीकडे बसून फोटो काढत होता. बाईंनी आधी मला दोन-तीन प्रश्न विचारले. उत्तर आलं नाही तेव्हा त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. “बिचाऱ्या,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ना बोलता येत, ना ऐकू.” आणि मग, जणू भिंतीशीच बोलायचंय असं समजून, त्यांनी मला सगळं सांगून टाकलं. सून कशी तोंडाळ आहे. नवरा कसा घोरतो. बहिणीच्या मुलीच्या लग्नात दिलेली साडी मुळात त्यांना कुणी दिलेली होती, आणि ती परत फिरून त्यांच्याकडेच आली. मी समुद्राकडे पाहत ऐकत होते. तेवढं बोलणं माझ्या कानावर कितीतरी दिवसांत पडलं नव्हतं. बरं वाटत होतं.

बोट बेटाला लागली तशी गाइडने टाळ्या वाजवल्या. “मंडळी, आज जरा उलट फिरायचंय. मागच्या बाजूच्या खाडीला दुपारी पाणी राहत नाही, ओहोटी लवकर आहे. म्हणून आधी दही, मग मीठ, मग मध आणि शेवटी पाव.”

आधी दही.

मी वर पाहिलं. ऊन अजून कोवळं होतं.

आत्यांचं घर तसंच होतं. बुटकं, चुन्याने पांढरं केलेलं, दाराशी दगडी उंबरा, बाजूला शेळ्यांचा गोठा. शेळ्या मात्र कमी झाल्या होत्या. दह्याची खोली आत होती, फरशीची, गार. फळीवर मातीची भांडी उपडी घातलेली. सगळे आत शिरले, मीही शिरले, आणि पहिल्यांदा माझी नजर गेली ती दोरीकडे. दोरी रिकामी होती. चिमटेसुद्धा नव्हते.

गाइडने हात पसरले. “मंडळी! या घरातलं विरजण आमच्या पणजीच्याही पणजीचं. तेव्हापासून आजपर्यंत एक दिवस...”

“मेलं ते,” कोपऱ्यातून आवाज आला.

आत्या स्टुलावर बसल्या होत्या. अंगाने निम्म्या झालेल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. गाइड कसनुसा हसला. “आत्या, मी सांगतोय ना त्यांना.”

“खोटं सांगू नकोस. लोक पैसे देऊन आलेत. त्यांना खरं दही देता येत नाही, निदान गोष्ट तरी खरी दे.” मग त्या आम्हा सगळ्यांच्या दिशेने बोलू लागल्या. चेहरा मात्र खिडकीकडे होता. “डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते मी. डोळा काही आला नाही. शेजारणीला सांगून गेले, विरजणाला रोज दूध घाल बाई. तिने घातलं. चांगली आहे हो, एक दिवस चुकवला नाही. पण घाईत चुलीवरून उतरवलेलं तसंच ओतलं. शिजलं बिचारं.”

“आणि त्या पट्ट्या?” टोपीवाल्या बाईंनी विचारलं. गाइडने येताना त्यांना पट्ट्यांचं सांगितलं होतं.

“त्या तिने धुतल्या.” आत्या हसल्या. “मी आले तर म्हणते कशी, आत्या, दोरीवरची फडकी किती कळकट झाली होती, मी उकळून नीळ घालून ठेवलीत. अशा शुभ्र केल्या होत्या म्हणता! मी हात फिरवला. कडक इस्त्रीच. काय बोलणार तिला? चहा केला आणि पाजला.”

सगळे हसले. आत्याही हसल्या. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत गच्च धरलेले होते.

गाइडने वाट्या वाटल्या. मीही एक चमचा तोंडात घातला. घट्ट होतं, स्वच्छ होतं, पण जिभेला लागल्या लागल्या आंबट झालं आणि तिथेच संपलं.

“हे पाकिटातल्या विरजणाचं आहे,” आत्या म्हणाल्या. “वाईट नाही. पण माझं आधी गोड लागायचं, आंबट मागून यायचं. पाहुणा उंबरा ओलांडून गेल्यावर मागे वळून हाक मारतो ना, तसं.” त्या थांबल्या. “मी इतक्या लोकांना पट्ट्या दिल्या. सगळ्यांनी कबूल केलं होतं. तुमच्यातलं कुणी पूर्वी येऊन गेलंय का? कुणाच्या घरी आहे का जिवंत?”

खोलीत कुणी हललं नाही. टोपीवाल्या बाईंच्या नवऱ्याने फोटो काढणंही थांबवलं.

मी तोंड उघडलं.

नेम म्हणजे काय असतं हे ज्याने पाळलाय त्यालाच कळेल. दारावर कुलूप असतं तसं ते नसतं, की किल्ली फिरवली आणि उघडलं. ते अंगात मुरतं. माझ्या गळ्यात शब्द होता, ओठ उघडे होते आणि आवाज नव्हता. मी जोरजोरात मान हलवली. मग लक्षात आलं, ज्यांच्यासाठी हलवतेय त्यांना ती दिसत नाही. मी पुढे गेले, खाली बसले आणि आत्यांचे दोन्ही हात धरले. दाबले. पुन्हा दाबले.

“कोण गं?” त्या म्हणाल्या. “बोल की.”

“आत्या, त्यांना बोलता येत नाही हो,” टोपीवाल्या बाई घाईने म्हणाल्या. “ऐकूही येत नाही.”

“अगंबाई.” आत्यांनी माझा हात चाचपला, बोटं, मनगट, बांगडी नसलेली जागा. मग चेहरा उजळला. “आणखी दही हवंय होय तुला? आवडलं? जीभ बिघडलीय गं बाई तुझी!” आणि त्यांनी चाचपडत स्वतःची वाटी माझ्या हातात दिली.

मी ती वाटी धरून बसले. सगळे परत हसत होते.

“चला मंडळी, चला, पाणी उतरतंय,” गाइड म्हणाला. कुणीतरी मला हात देऊन उठवलं. मी उंबऱ्यापर्यंत मागे पाहत गेले. आत्या रिकाम्या दोरीखाली बसल्या होत्या, पुन्हा खिडकीकडे तोंड करून.

मिठागरात आम्ही पोचलो तेव्हा सावल्या पायांत यायला लागल्या होत्या. मिठागरवाला वाफ्यांच्या बांधावर उभा राहून समजावत होता, पाणी कसं घेतात, कसं आटवतात, पहिलं मीठ फुलासारखं वर कसं तरंगतं. सगळीकडे पांढरं, डोळे दिपत होते. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी माझ्या सावलीकडे पाहत होते. ती तळव्याखाली गेली तशी मी डोळे मिटले, हळूच देवाचं नाव घेतलं आणि गाइडकडे गेले.

“मला परत आत्यांकडे जायचंय.”

गाइडच्या हातातली मिठाची पुडी पडली. पण त्याच्याहून मोठा आवाज मागून आला.

“अहो! तुम्ही बोलता?” टोपीवाल्या बाईंचा हात छातीवर गेला होता. “आणि ऐकूही येतं? अगंबाई! मी काय काय बोलले तुमच्याजवळ!”

“माझ्या पोटात राहील,” मी म्हटलं. “साडीचंसुद्धा.”

त्यांचा नवरा म्हणाला, “कुठली साडी?” बाईंनी त्याचा दंड धरला आणि त्याला वाफ्याच्या पार टोकाला घेऊन गेल्या.

मी गाइडला सगळं सांगितलं. मौनाचं, पट्टीचं, ह्यांचं, माझ्या वाटीचं. तो ऐकताना हसरा राहिला नाही.

“काकू, बोट आता मागच्या खाडीत जाणार नाही. आणि चालत गेलो तर बाकीच्यांची सहल बुडते.” तो बांधावर बसला. “आणि खरं सांगू? गेलं नाही तेच बरं.”

“का?”

“ती माझी सख्खी आत्या आहे. बेटाची नंतर, आधी माझी. तिनेच वाढवलं मला. ती तिथे एकटी, दिसत नाही, चूल पेटवते, मला रात्री झोप लागत नाही. माझ्याकडे चल म्हटलं तर ऐकायची नाही. आता ती स्वतःच म्हणालीय, पट्ट्या दोरीवर परत लागल्या नाहीत तर शेळ्या ठेवून काय करू, विकून टाक. परवा माणूस येतोय शेळ्या न्यायला. मग ती माझ्या दोन खोल्यांत येणार. खिडकीतून समोरच्याची भिंत दिसते. तिला काय, तीही दिसणार नाही म्हणा.” तो हसायला गेला, पण जमलं नाही.

“पण माझ्याकडे आहे.”

“मागे एक जण असंच म्हणाला होता. मोठ्या गाडीतून आला, डबा घेऊन. आत्याने अंगणात सडा घातला त्या दिवशी. चमचाभर चाखलं आणि डबा परत दिला. दुकानातलं होतं. मधे कधीतरी त्याचं मेलं असेल, बायकोने गुपचूप दुसरं लावलं असेल. त्याला माहीतच नव्हतं. ती त्यानंतर जेवली नाही धड.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुमचं तेच आहे, याची तुम्हाला खात्री आहे, काकू?”

मी हो म्हणायला गेले आणि थांबले.

दर वेळी गावाला जाताना वाटी समोरच्या दारी ठेवली होती. ज्या दिवशी मी तापाने फणफणले होते, त्या दिवशी ह्यांनी दही लावलं होतं. ह्यांनी. पुरुष माणूस, घाबरून त्यांनी कुणाकडून आणलं असेल तर? मला वाईट वाटू नये म्हणून बोलले नसतील तर? त्यांना विचारायचं तर आता कुठे विचारू?

“खात्री नाही,” मी म्हटलं.

“मग कृपा करा. खात्री असेल तरच या.”

मध चाखला, पाव चाखला. पाववाल्याची भट्टी गावाच्या चौकात होती. त्याने गरम पाव हातावर ठेवला आणि सगळे झाडाखाली पसरून खाऊ लागले. मी एका पायरीवर बसले. टोपीवाल्या बाई माझ्या दिशेने यायच्या आणि मधेच वळायच्या. शेवटी त्यांनी लांबूनच मधाची बाटली दाखवली आणि मान हलवली, छान आहे म्हणून. परतीच्या बोटीत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. मौनात मी त्यांच्या जवळची होते, बोलले आणि परकी झाले.

धक्क्यावर उतरताना गाइडने मला हात दिला. मी विचारलं, “उद्या सहल आहे का?”

“उद्या नाही. उद्या फक्त सकाळची सामानाची बोट. भाजी, सिलिंडर, कोंबड्यांचं खाद्य. माणसं बसतात त्यात, पण त्रास होतो.” पण त्याने माझा हात सोडला नाही. “काकू.”

“खात्री असेल तरच,” मी म्हटलं.

घरी आले, दिवा लावला. फ्रीज उघडला. लहान वाटी, वर बशी. काल लावलेलं. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि एक चमचा तोंडात घातला.

आधी गोड लागलं. मग थोडा वेळ काही नाही. मग मागून आंबट आलं.

किंवा मला तसं हवं होतं म्हणून आलं. मी दुसरा चमचा घेतला. तिसरा घेताना हात थांबवला, नाहीतर विरजणालाच उरलं नसतं.

मुलीचा फोन आला. “कशी झाली सहल? फोटो पाठव ना!” मी तिला सांगितलं.

“कुरिअर कर ना आई.”

“दही कुरिअर करू?”

“बरं, वाळवलेली पट्टी कर.”

“पाठवायचं नाही असं ठरलंय. आणून द्यायचं.”

“आणि ते नसलं तर? मग त्या आजी पुन्हा...” ती थांबली. “आई, मला एक आठवतंय. तुला ताप आला होता. बाबांनी दही लावलं होतं.”

मी फोन घट्ट धरला. “कुणाकडून विरजण आणलं होतं का गं त्यांनी?”

“छे! आणायचं कशाला? माझी करंगळी बुडवली होती त्यांनी. स्वतःची जाड आहे म्हणाले, त्यांना चटका कळत नाही. आणि झाकण ठेवल्यावर मला उचलून बाहेर नेलं. म्हणाले, बघायचं नाही, त्याला लाज वाटते. मला वाटलं, ते गंमत करतायत.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “आई, आहेस ना?” मी जोरात श्वास घेतला. तो नीट आला नाही.

ह्यांचा एक जुना सुती सदरा कपाटात आहे. त्याची खालची कड मी फाडली, दोन पट्ट्या झाल्या. वाटीत भिजवल्या आणि खिडकीत पंख्यासमोर दोरी बांधून टाकल्या. मग दूध कोमट केलं. या वेळी मोठं पातेलं काढलं. हात थांबला, एकटीला एवढं कशाला, आणि मग थांबला नाही. झाकण ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

मनात एक गोष्ट राहिली होती. सामानाची बोट सकाळी जाते. आत्यांच्या दारात मी पोचेन तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं नसेल. त्यांना दिसत नाही. मी कोण ते मला तोंडानेच सांगावं लागेल.

देवासमोर बसले. त्याच्याशी मी वाद घालत नाही, मला जमत नाही. मी फक्त सांगितलं, तो शब्द आधी दिला होता. गप्प राहणं नंतर घेतलं. जे आधीचं आहे ते आधी.

सकाळी आंघोळ केली, दिवा लावला, माळ घेतली. पट्ट्या कडक वाळल्या होत्या. एक कागदात गुंडाळून ब्लाउजमध्ये, उराशी ठेवली. दुसरी खिडकीतल्या दोरीवर तशीच राहू दिली, घरात असावी म्हणून. पातेल्यातलं दही सुरेख लागलं होतं. वाटीभर इथे ठेवलं, बाकीचं डब्यात भरलं, डबा ओल्या फडक्यात बांधला, पिशवीत उभा बसवला आणि हलणार नाही ना ते पाहिलं.

फोन वाजला. मुलीचा. मी कानाला लावला आणि तिने नेहमीसारखं सुरू केलं, “हं आई, ऐक, आज ऑफिसमध्ये काय झालं...”

“निघतेय मी,” मी म्हटलं.

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग ती एवढंच म्हणाली, “सावकाश जा.”

कुलूप घातलं. जिना उतरले, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने पिशवी अंगाशी धरून. वॉचमन खुर्चीत बसला होता. त्याने रोजच्यासारखी मान हलवली. माझे हात जोडायला मोकळे नव्हते.

“येते हं,” मी म्हटलं.

तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. मी फाटकाबाहेर पडले आणि धक्क्याच्या वाटेला लागले. एक हात पिशवीवर होता, दुसरा छातीवर.